शांता राम चव्हाण: निकाल हिरवा

आमच्या जिनमध्ये शांताराम चव्हाण नावाचा एक मिशाळ गडी अख्खा एक हंगाम बाई म्हणून कामाला होता. त्याने सोंग घेतलं नव्हतं की कुणाला फसवलं नव्हतं. त्याला बाई करण्यात कुणाचा वाईट हेतूही नव्हता. मशीनने पडताळणी केली, निकाल हिरवा आला आणि शांताराम बाई झाला. तो निकाल वाचणारी मी होते, म्हणून ही हकीकत मीच सांगितलेली बरी.

यवतमाळच्या बाहेर एका जिनिंग-प्रेसिंगच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. ज्यांनी जिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गाड्यांनी कापूस येतो, मशीनवर सरकी वेगळी आणि रुई वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात आणि गाठी ट्रकने जातात. टाइम ऑफिस म्हणजे गेटच्या आतली पहिली खोली. कोण आलं, कोण गेलं, कुणाला कामावर घेणं कायद्यात बसतं आणि कुणाला नाही, हे त्या खोलीत ठरतं. वय भरतं का, माणूस तोच आहे का, नाव-गाव खरं आहे का, एवढंच पाहायचं असतं. पूर्वी मी रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला बघायची, "कोणत्या गावचा, कोणाचा?" असं विचारायची आणि पाच मिनिटांत माणूस कळायचा.

मग मुख्य कार्यालयाने संगणकावरची पडताळणी आणली. कामगाराने काचेवर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचं, ओळखपत्राचा नंबर मी टाकायचा, की पडद्यावर रंग येणार. हिरवा म्हणजे जुळलं, कामावर घ्या. लाल म्हणजे जुळलं नाही, गेटबाहेर. पिवळा म्हणजे नक्की सांगता येत नाही, तपासा. आमचे मॅनेजर बोरकर साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, आता तुम्हाला डोकं चालवायची गरज नाही. मला जरा वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र डोकं पूर्वीच्या तिप्पट चालवावं लागायला लागलं.

कारण रंग सरळ असले तरी माणसं सरळ नव्हती. कळंबकडचे एक बापलेक कामाला आले. ओळखपत्राप्रमाणे बाप मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान होता. दोघंही हिरवे. वॉचमनने नवसाची दाढी वाढवली आणि तो स्वतःच्याच गेटवर लाल झाला. त्याला आत सोडायला दुसरा वॉचमन नव्हता, म्हणून तो बाहेर उभा राहून लोकांना आत सोडत होता. पिवळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी इतकी घासलेली असतात की अंगठ्यावर रेषाच उरत नाहीत. त्यांनी काचेवर अंगठा ठेवला की मशीन बराच वेळ विचार करायचं आणि पिवळं व्हायचं. डोळ्यांवरून ओळखणारं यंत्र मिळतं, ते मागवा, असं मी साहेबांना दोनदा लिहून दिलं. ते आलं नाही. साहेबांनी पिवळ्या बायांसाठी वेगळा मार्ग काढला: त्यांना ठेकेदाराकडे 'पडताळणी प्रलंबित' म्हणून ठेवायचं. काम आमच्याच शेडमध्ये, नाव मात्र आमच्या यादीत नाही.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले आणि कुणी विचारलं तर सांगायची. हिरवा रंग माणूस आणि नोंद जुळल्याचं सांगतो. ती नोंद खरी आहे की नाही, हे त्याला विचारायचं नसतं. मला मात्र कुणी विचारत नसे.

शांताराम हंगामाच्या सुरुवातीला आला. पुसदकडच्या एका तांड्यावरचा. प्रेसवर गाठी बांधण्याचं काम त्याला चांगलं येत होतं आणि त्याला रात्रपाळी हवी होती, कारण तिचा भत्ता मिळतो. बायको वंदना हिची तब्येत बरी नसायची, दवाखाना जवळ असावा म्हणून दोघं यवतमाळात खोली करून राहिले होते. अंगठा ठेवला, फोटो झाला, निकाल हिरवा. मी सवयीने खाली वाचलं. नाव: शांता. मधलं नाव: राम. आडनाव: चव्हाण. लिंग: स्त्री.

मी पडदा त्याच्याकडे वळवला. "हे काय आहे?"

तो वाकून बघून सरळ झाला. "ते तसंच हाय जी. कार्डाच्या शिबिरातल्या पोराने शांता येगळं लिवलं न् राम येगळा. मंग शांता म्हनल्यावर बाईच लिवली असंल त्यानं."

"दुरुस्त काहून नाही केलं?"

"काम नाही पडलं जी. रेशन भेटते, बँकेत पैसे येतेत. कोनी इचारलंच नाही."

मी बोरकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माणूस दुष्ट नव्हता, फक्त मुख्य कार्यालयाच्या पत्राला घाबरायचा. यादीतली एखादी गोष्ट हाताने बदलली की वरून विचारणा यायची, आणि एकदा अशा विचारणेचं उत्तर देता देता त्यांचं दिवाळीला गावी जाणं राहून गेलं होतं. त्यांनी रंग विचारला. मी हिरवा म्हटलं. मग घ्या, म्हणाले. मी लिंगाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, अंगठा जुळला का, फोटो जुळला का. दोन्ही जुळलं होतं.

"मग त्याला पुरुष म्हणणारे आपण कोण?" साहेब म्हणाले.

शेऱ्याच्या चौकटीत मी 'प्रत्यक्षात पुरुष' असं लिहून ठेवलं. मशीनने तो शेरा मुकाट्याने घेतला. तो कधी कुणी वाचला नाही.

त्यानंतर यादीने आपलं काम सुरू केलं. बाईमाणसाला रात्रपाळी द्यायची तर तिची लेखी संमती, न्यायला-आणायला गाडी, सोबत आणखी बाया, अशा अटी असतात. पाळ्या लावणाऱ्या प्रोग्रामने शांतारामला सकाळची पाळी लावली. तो संमती द्यायला तयार होता, पण सोबतीला बाया कुठून आणायच्या? गेटवर कामगारांची झडती होई. पुरुष वॉचमन म्हणे, यादीत बाई आहे, मी हात लावणार नाही. बायांची झडती घेणारी रेखा म्हणे, मी काय आंधळी आहे का? त्यामुळे शांताराम हंगामभर झडतीशिवाय आत जात राहिला. पूर्ण कारखान्यात हा मान मालकांखालोखाल त्यालाच होता. संध्याकाळी बायांना सोडणारी गाडी त्याच्यासाठी थांबे. पहिल्या दिवशी तो पायी निघाला, तर ड्रायव्हरने हाक मारून बोलावलं, कारण यादीतलं डोकं कमी भरलं की ड्रायव्हरला जाब विचारत.

संक्रांतीला कंपनीकडून महिला कामगारांना वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला. शांतारामने तो दोन्ही हातांनी घेतला. महिला दिनाला फोटो निघाला. तो मागच्या रांगेत, मिशीसकट. मुख्य कार्यालयाच्या पत्रिकेत तो फोटो 'आमच्या भगिनी' म्हणून छापून आला, आणि तिथूनही कुणी काही विचारलं नाही.

सुरुवातीला गडी त्याला हसले. एक-दोघं घाणेरडं बोलले. तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायांची पुढारी सायराबी मध्ये पडली. साठीला आलेली बाई, आवाज असा की चालू मशीनवरूनही ऐकू येई. तिने त्या गड्यांना विचारलं की बाई असण्यात हसण्यासारखं नेमकं काय आहे, ते तिला समजावून सांगा. गडी आपापल्या कामाला लागले. त्या दिवसापासून शांताराम दुपारचा डबा बायांबरोबर खायला लागला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग विम्याचं कार्ड आलं.

कामगाराची आम्ही विम्याला नोंद करतो, तेव्हा घरच्यांचीही करावी लागते. शांतारामची नोंद करताना मी वंदनापुढे 'पत्नी' शोधलं, तर ते नातंच नव्हतं. विमाधारक स्त्री असल्यावर यादीत 'पती' येतो, मुलगा येतो, मुलगी येते. नातं भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. हे मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, जे येतंय ते भरा. कार्ड आलं: विमाधारक शांता, पती वंदना.

उन्हाळा लागता लागता वंदनाचा त्रास वाढला. अंगावरून जाणं थांबेना, चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढावी लागेल आणि फार थांबू नका. खासगीत जाण्याची त्यांची ऐपत नव्हती. विम्यात बसणाऱ्या एका दवाखान्यात दोघं गेले आणि तिथल्या काउंटरवरून मला फोन आला. बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती.

"मॅडम, पेशंट विमाधारकाचे पती आहेत आणि ऑपरेशन गर्भपिशवीचं आहे. हे सिस्टीममध्ये बसत नाही."

मी विचारलं, "पेशंट तुमच्यासमोर आहे ना?"

"आहेत ना, बसल्या आहेत."

"मग बाई आहे का पुरुष?"

"बाई आहेत, मॅडम. पण मला समोर पाहून नोंद करता येत नाही. कार्डावर पाहून करावी लागते."

मला तिचा राग येईना. असंच तर मी रोज गेटवर माणसांना सांगत होते.

शांताराम पुसदला ओळखपत्राच्या केंद्रावर गेला. दोन दिवसांची मजुरी बुडवून परत आला आणि माझ्यासमोर खाली बसला. त्याने सांगितलं ते असं. पहिल्या शिबिरातल्या पोराने मुळी चूक केलीच नव्हती. त्याने नाव तोडलं होतं, पण लिंग पुरुषच लिहिलं होतं. पुढे कधीतरी शांताराम मोबाइल नंबर जोडायला दुसऱ्या शिबिरात गेला, तिथला पोरगा जास्त हुशार निघाला. 'शांता, पुरुष' असं बघून त्याला चूक दिसली आणि त्याने आपणहून ती दुरुस्त केली. आता नियम असा की लिंगाची दुरुस्ती एकदाच होते. ती होऊन गेली होती. पुन्हा बदलायचं तर वरच्या कार्यालयात अर्ज करायचा, सोबत डॉक्टरचा दाखला आणि जिथे काम करतो तिथलं पत्र.

डॉक्टरचा दाखला अर्ध्या तासात मिळाला. पत्रासाठी मी त्याला घेऊन साहेबांकडे गेले. 'सदर इसम पुरुष आहे' एवढं एक वाक्य हवं होतं.

बोरकर साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दर महिन्याला आपण सरकारला कळवतोय की ही बाई आहे. आज पुरुष म्हटलं तर इतके दिवस आपण खोटं कळवलं असं होतं. सही माझी आहे, मॅडम."

"पण साहेब, तो समोर उभा आहे."

"समोर उभा असण्याला काही पुरावा लागतो," साहेब म्हणाले, आणि मला दिसलं की ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरोखर भीती वाटत होती.

याच सुमारास सायराबीने आपलं गणित मांडलं. तिची सून तिच्या शेजारीच कचरा वेचायची, आणि सुनेचं तान्हं पोर शेडमधल्या खांबाला बांधलेल्या झोळीत निजायचं. जिनच्या हवेत रुईची तूस उडत असते. मोठ्या माणसाचं नाक भरतं, ते तर चार महिन्यांचं लेकरू. ते सारखं खोकायचं. बाया कितीतरी वर्षांपासून पाळणाघर मागत होत्या. कायद्यात त्याचा एक आकडा आहे. कारखान्यातल्या बाया त्या आकड्याच्या वर गेल्या की मालकाला पाळणाघर द्यावंच लागतं. आमच्या कारखान्याची यादी नेमकी त्या आकड्यावर येऊन थांबायची. एक बाई वाढली की ती ठेकेदाराकडे जायची.

सायराबी नोटीस बोर्डासमोर उभी राहून यादी वाचत होती. मग ती माझ्या खिडकीशी आली आणि विचारलं, यंदा एक जास्त दिसते, खरं का? मी हो म्हटलं. जास्तीची कोण, असं तिने विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत तिला कळलं: शांताराम. मोजताना साहेबांनी त्याला बायांत धरलंच नव्हतं. ती हसता हसता पायरीवर बसली. डोळे पुसून उठली तेव्हा मात्र चेहरा गंभीर होता. त्याच संध्याकाळी बायांनी कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज टाकला. आणि सायराबीने शांतारामला सांगितलं की बाबा, तपासणीला माणूस येईपर्यंत तू बाईच राहा.

त्याने तिला वंदनाचं सांगितलं. तोवर तिला ते ठाऊक नव्हतं. गेटजवळच्या नळाशी दोघं उभे होते, मी खिडकीतून बघत होते. सायराबीने नळ बंद केला.

"तं मंग कायले थांबून राह्यला?" ती म्हणाली. "आधी तिचं पाह्य. पाळना काय, इतके साल नोता, आनखी राह्यला."

दुसऱ्या दिवशी सायराबी पाच बाया घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली. आपल्या पाळणाघरावर पाणी सोडून त्या बाया मागत काय होत्या, तर हा माणूस पुरुष आहे असं साहेबांनी लिहून द्यावं. साहेबांना वाटलं यात काहीतरी डाव आहे. बायांचा फायदा ज्यात नाही ते बाया कशाला मागतील? त्यांनी साफ नकार दिला. शांताराम पुरुष असण्याला आता पूर्ण कारखाना साक्षीला होता, फक्त सही नव्हती.

बायांचा अर्ज मात्र आधीच पोचलेला होता. पुढच्या आठवड्यात तपासणी आली. निरीक्षक मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात साधे बूट. त्यांनी यादी मागितली, वाचली आणि पाळणाघर कुठे आहे ते दाखवा म्हणाल्या. साहेबांनी घाम पुसला. पाळणाघर लागत नाही, आकडा त्याच्या वर जात नाही, असं म्हणाले. मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. एकाने जातो.

"ती बाई नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "तो पुरुष आहे."

"पडताळणी हिरवी आहे. लिंग स्त्री. दर महिन्याला तुमची सही आहे."

"ते मशीनने..."

"पुरुष आहे ना? मग तसं लेखी द्या."

साहेबांच्या एका बाजूला पाळणाघराचा खर्च होता आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची सही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाइप करा म्हणाले. महिना दीड महिना जे वाक्य मिळत नव्हतं ते मी दोन मिनिटांत टाइप केलं: 'सदर इसम पुरुष आहे.' साहेबांनी सही केली, शिक्का मारला. एक प्रत मॅडमना दिली. दुसरी मी न विचारता शांतारामच्या हातात ठेवली आणि त्याला सांगितलं, आता इथे थांबू नको, निघ.

तो गेला. साहेब खुर्चीत टेकले. पाळणाघर टळलं होतं. दारात सायराबी उभी होती. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, शेड बघू.

शेडमध्ये त्या एकेका बाईसमोरून चालत गेल्या. मनात मोजत होत्या हे मला कळत होतं. शेवटच्या खांबाशी, झोळीपाशी, त्या थांबल्या. यादीत आहेत त्यापेक्षा इथे बऱ्याच जास्त बाया दिसतात त्या कशा, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, त्यांची पडताळणी पूर्ण नाही, त्या प्रलंबित आहेत, त्यामुळे त्या आमच्याकडे धरता येत नाहीत.

मॅडमनी विचारलं निकाल कोण बघतं, आणि साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. त्या बोटात मला बरंच काही दिसलं. माझी निवृत्ती जवळ आली होती. पुढे एक वर्ष ठेवून घेऊ, असा साहेबांनी मला शब्द दिला होता, आणि धाकट्या मुलाचं शिक्षण अजून व्हायचं होतं.

"यांचे निकाल काय आहेत?" मॅडमनी मला विचारलं.

"पिवळे."

"पिवळा म्हणजे काय?"

मशीनवर लिहिलेलं आहे तेवढंच सांगून मला सुटता आलं असतं: तपासा, प्रलंबित. साहेबांची तशी अपेक्षाही होती. मी समोर पाहिलं. सायराबीची सून कचरा वेचायची थांबून माझ्याकडे बघत होती.

"पिवळा म्हणजे मशीनला ओळखता आलं नाही," मी म्हणाले. "बोटं घासली आहेत म्हणून. बाई नाही, किंवा कामावर नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. या सगळ्या रोज सकाळी माझ्यासमोरून आत येतात."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी मला डोळ्यांच्या यंत्राबद्दल विचारलं आणि मी दोनदा लिहून दिलेलं त्यांना सांगितलं. साहेब मान खाली घालून झोळीकडे बघत होते. पोर त्या वेळी खोकत होतं.

पावसाळ्याच्या आधी पाळणाघर सुरू झालं. वजनकाट्यामागची जुनी खोली पांढरी केली, जाळ्या लावल्या, एक दाई ठेवली. डोळ्यांचं यंत्रही आलं, आणि पिवळ्या बाया एका सकाळी ओळीने हिरव्या झाल्या. सायराबी त्या यंत्रात डोळा लावून इतका वेळ उभी राहिली की मला तिला बाजूला करावं लागलं. बोरकर साहेब माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. एक वर्ष वाढवून द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही अधूनमधून वाटतं. त्या वर्षाचा पगार घरी लागला असता.

साहेबांच्या पत्रावर शांतारामचा अर्ज मंजूर झाला. विम्याच्या कार्डावर वंदना पत्नी झाली, आणि त्याच नम्र मुलीने तिला दाखल करून घेतलं. ऑपरेशन नीट झालं.

मला वाटलं संपलं. शांताराम कामावर आला, अंगठा ठेवला आणि मशीन लाल झालं. 'हा अंगठा दुसऱ्या व्यक्तीच्या नावे कामावर आहे.' ती दुसरी व्यक्ती म्हणजे शांता. तिने काम सोडल्याशिवाय शांतारामला घेता येत नव्हतं. मी शांताचा राजीनामा काढायला बसले. कारणांची यादी आली: विवाह, प्रसूती, स्थलांतर, निवृत्ती, मृत्यू, इतर. शांताराम माझ्या खांद्यावरून वाचत होता. 'मृत्यू' नको, असं त्याने घाईने सांगितलं. मी 'इतर' निवडलं. लगेच प्रोग्रामने शांताचा हिशेब केला आणि कामाचा दाखला छापून बाहेर काढला.

दुपारच्या सुट्टीत बायांनी तिला निरोप दिला. रीतसर, शांतारामला मध्ये बसवून. कुणी नारळ आणला होता, रेखाने कुंकू लावलं. सायराबीने चार शब्द बोलताना सांगितलं की शांताने कधी कुणाची चुगली केली नाही, कधी काम चुकवलं नाही, आणि तिच्यासारखी बाई परत मिळायची नाही. हसता हसता दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. शांताराम नारळ मांडीवर घेऊन बसला होता, त्याला कुठे पाहावं कळत नव्हतं. सुट्टी संपली, तो माझ्याकडे आला, अंगठा ठेवला. शांताराम चव्हाण, पुरुष, हिरवा. त्याच रात्रीपासून प्रोग्रामने त्याला रात्रपाळी लावली.

काही दिवसांनी वंदनाला बघायला मी त्यांच्या खोलीवर गेले. ती उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. शांताराम पाळीला जायच्या तयारीत होता, डबा बांधत होता, संक्रांतीला मिळालेलाच. मी तो दाखला सोबत नेला होता. म्हटलं, तुमच्याकडे असू द्या. वंदनाने तो मोठ्याने वाचला. 'श्रीमती शांता राम चव्हाण यांनी या कारखान्यात काम केले असून त्यांची वर्तणूक उत्तम होती.' मग ती हसायला लागली आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं.

"हसवू नका जी तिले," शांताराम म्हणाला. "टाके दुखतेत."

ती शांत झाली. कागदाची घडी घालून तिने उशाखाली ठेवली. शांतारामने चप्पल घातली, मला नमस्कार केला आणि अंधार पडायच्या आत गेट गाठायचं म्हणून निघून गेला. त्याची सायकल वळेपर्यंत ती दाराकडे बघत होती.

"थे शांता होती तं हा मानूस रोज राती घरी राहे," ती म्हणाली. "मॅडम, तिले परत घेता येत नाही का?"